लुंबिनीच्या पाठीचं दुखणं

पाच वेळा सुई टोचली आणि कागदावर लिहिलं, ‘एकाच प्रयत्नात’. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्टी मागाहून सांगायची मला वाईट खोड आहे आणि त्या खोडीपायी एका बाईचे पाय जाता जाता राहिले.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारा डॉक्टर. लोक सर्जनच्या पाया पडतात, पेढे त्याला देतात, भूल देणाऱ्याचं नावसुद्धा विचारत नाहीत. त्याचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही. १९९८ साली फरीदाबादेत नवे सेक्टर उठत होते आणि प्रत्येक सेक्टरात दोन-दोन नर्सिंग होम. प्रत्येकाला काचेचा दरवाजा होता, जनरेटर होता, फक्त स्वतःचा भूलतज्ज्ञ नव्हता. मग माझ्यासारख्यांनी कमरेला पेजर लावून मारुतीच्या डिकीत औषधांची बॅग टाकायची आणि सकाळी फरीदाबाद, दुपारी नोएडा असं पळत राहायचं. मी मूळचा पुसदचा. एमबीबीएस नागपूरला, डिप्लोमा दिल्लीत. आमच्या फरीदाबादच्या वस्तीतल्या सतरा मराठी बौद्ध कुटुंबांत डॉक्टर म्हणजे मी एकटाच.

आणि हे सतराच्या सतरा कुटुंबांना माहीत असण्याचं कारण म्हणजे शामराव गजभिये. सरकारी छापखान्यात प्रूफं तपासण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. रिटायर झाल्यावर दर रविवारी त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत बुद्धवंदना व्हायची. दिल्लीकडे पहिल्यांदा आलो तेव्हा त्याच खोलीत मी तीन महिने झोपलो होतो. तेव्हापासून ते मला “आपला डॉक्टर” म्हणायचे. कुणाला पडसं झालं तरी “आपल्या डॉक्टरला विचारा.” मी भुलेचा डॉक्टर आहे, पडशाचा नाही, हे त्यांना सांगून मी थकलो. आपला तो बाब्या, त्याला काय येत नाही!

लुंबिनी ही शामरावांची सून. अकोल्याची, बी.ए. झालेली, पंचविशीची. माझ्या त्या तीन महिन्यांत माझ्या पानात गरम पोळी वाढणारी तीच. मला भाऊ म्हणायची. तिचा नवरा अमोल मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. पहाटे कंपनीच्या बसनं जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. मे महिन्यात लुंबिनीचे दिवस भरले. बाळ पायाळू निघालं, सिझेरियन ठरलं. शामरावांनी डॉक्टर विजयालक्ष्मींना एकच अट घातली.

“मैडम, ऑपरेशन आप करो. पर सुई हमारा समाधान लगाएगा.” समाधान म्हणजे मी.

सिझेरियनला मणक्यांच्या फटीतून बारीक सुई घालून भूल देतात. कमरेखालचं सगळं बधिर होतं, बाई जागी राहते, बाळाचं रडणं ऐकते. त्यासाठी तिला टेबलावर बसवून पुढे वाकवायचं, पाठीवर बोटांनी चाचपून फट शोधायची आणि सुई आत सारायची. शंभरातल्या नव्वद जणींच्या वेळी पहिल्यांदाच जमतं. लुंबिनीच्या वेळी जमलं नाही. सुई हाडावर आदळली. जरा वर घेतली, पुन्हा हाड. तिसऱ्यांदाही हाड.

“समाधान, नरसिंह को बुला लूँ?” हातमोजे घालून उभ्या असलेल्या डॉक्टर विजयालक्ष्मींनी शांतपणे विचारलं.

डॉक्टर नरसिंह माझे सीनियर. सुईवरचा त्यांचा हात खरोखर हलका होता. बोलावले असते तर दोन मिनिटांत आले असते आणि त्यात कमीपणा काही नव्हता, मोठमोठे भूलतज्ज्ञ एकमेकांना बोलावतात. पण त्याच आठवड्यात चहाच्या वेळी त्यांनी मला चार जणांसमोर विचारलं होतं, “तुम्हारी सीट तो रिज़र्व वाली थी ना? अच्छा है यार, आजकल सबका नंबर लग जाता है.” सगळे हसले होते, मीही हसलो होतो. ते हसणं मी विसरलो नव्हतो.

“नहीं मैडम, हो गया,” मी म्हणालो. झालं नव्हतं. चौथा टोचाही फुकट गेला. लुंबिनीच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते.

“भाऊ, तुम्ही सावकाश करा. मी बिल्कुल हलत नाही,” ती म्हणाली.

पाचव्या वेळी सुईतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, म्हणजे सुई जागेवर पोचली. वीस मिनिटांत मुलगी झाली, लाल, रागीट, गळा काढून रडणारी. मग मी कागद भरायला बसलो. ‘सुई किती प्रयत्नांत’ असा एक रकाना असतो. पाच टोचे हा गुन्हा नाही, काही पाठी असतातच अवघड. गुन्हा पेन हातात घेतल्यावर झाला. मी लिहिलं, ‘एकाच प्रयत्नात’. तो कागद नरसिंह बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कधीच बघितला नाही. बघितला शामरावांनी. घरी जाताना मिळालेल्या फाइलमधली इंग्रजीतली ओळन् ओळ त्यांनी चष्मा लावून वाचली आणि वस्तीभर सांगितलं की आपल्या पोरानं एका टोच्यात काम फत्ते केलं.

दुसऱ्या दिवशीच लुंबिनीची कंबर ठणकायला लागली. मी म्हटलं, सुईच्या जागी चार दिवस दुखतं, गरम पिशवीनं शेका. ते खरंच होतं. बहुतेकांचं आठवड्याभरात जातं, तिचंही जवळजवळ गेलं. जुलैत मात्र परत सुरू झालं, आणि या वेळी जायचं नाव घेईना.

“मणक्यात सुई घेतली की बाई जन्माची अधू होते,” रमाबाई म्हणाल्या. रमाबाई म्हणजे शामरावांच्या पत्नी. “माझ्या बहिणीचं असंच झालं. वीस वर्षं झाली, तिला अजून खाली बसता येत नाही.”

हे असं होत नाही, हे मी लोकांना शंभर वेळा समजावलेलं. पाठ दुखते ती वजन वाढल्यानं, दिवसभर वाकून पाजल्यानं, झोप नसल्यानं. मीच हे सांगत आलो आणि माझा मीच त्यावर विश्वास ठेवत नव्हतो. पाच टोचे! कुठल्या तरी टोच्यात मी काहीतरी दुखावलं असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग मी उपचार सुरू केले. माझा उपचार कसा, तर रविवारी वंदनेला जायचं टाळायचं, आणि सकाळी दूध आणायला बाहेर पडलेल्या शामरावांना गाडी थांबवून गोळ्यांची पाकिटं द्यायची. आधी साध्या दिल्या, मग कडक. एका वहीच्या पानावर व्यायामाची चित्रं काढून दिली, बाई उताणी झोपून गुडघे पोटाशी घेते आहे वगैरे. ऑगस्टात कमरेचा पट्टा पाठवला.

“संध्याकाळी तिच्या अंगात कणकण असते रे,” एकदा शामराव म्हणाले. “आणि वाळलीये.”

“अंगावर पाजतेय ना काका, अशक्तपणा आहे,” मी खिडकीतूनच म्हणालो आणि टॉनिक लिहून दिलं. ज्या गोळ्या मी देत होतो त्यांच्यात तापाचंही औषध होतं. ताप चढायच्या आत मी स्वतःच्या हातानं तो झाकत होतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी म्हण माझ्यासारख्या डॉक्टरांवरूनच निघाली असावी.

ती एकदा नर्सिंग होमवरही आली होती. बाळाला लस द्यायला आली होती, तशीच वर आली. मी थिएटरमध्ये होतो. केस संपायला दहा मिनिटं होती. सिस्टरला म्हटलं, सांगा, वेळ लागेल. काचेतून बघितलं तर ती बाकावर बसली नव्हती, भिंतीला टेकून उभी होती. पंधरा मिनिटं थांबली आणि गेली. ती गेल्यावर मी बाहेर आलो.

तिला एकदाही तपासलं नाही. पाठीवर हात ठेवला नाही. बोट ठेवून दाखव कुठं दुखतं, हे मेडिकलच्या मुलाला पहिल्या वर्षी शिकवतात, तेवढंही विचारलं नाही. तिची पाठ उघडी केली तर पाच भोकं दिसतील असं मला वाटायचं. सुईची खूण तिसऱ्या दिवशी बुजते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी वाटायचं.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आला. तो चुकवणं शक्य नव्हतं, कारण शामरावांनी माझा सत्कार ठेवला होता. सेक्टरच्या पार्कात मांडव, निळ्या पताका, पंचशीलाचा झेंडा, पुढे लहान मुलं आणि मागे खुर्च्यांवर आम्ही मोठे. शेजारपाजारचे पंजाबी आणि हरियाणवी लोकही बोलावलेले. शामरावांनी मला शाल पांघरली आणि माइक हातात घेतला. शेजाऱ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले.

“कुछ लोग बोलते हैं, कोटे का डॉक्टर है, हाथ कैसा होगा. मैं बोलता हूँ, मेरी बहू से पूछो. एक बार में! काग़ज़ पे लिखा है.”

टाळ्या पडल्या. मी शालीचं टोक धरून जमिनीकडे बघत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली गुप्ताबाई, शेजारच्या ब्लॉकमधली, मोठ्यानं म्हणाली, “पर लुंबिनी की तो कमर तब से ही खराब है ना?”

लुंबिनी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. मी पाच महिन्यांनी तिला नीट बघत होतो. गालाची हाडं वर आलेली, गळ्याखाली खड्डे. ती हसली.

“नहीं आंटी, वो तो पानी की बाल्टी उठाई थी ना तीसरे माले तक, तब से है. सुई तो मुझे पता भी नहीं चली,” ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचंच पाणी होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. रमाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण परक्यांसमोर त्या काही बोलल्या नाहीत. आणि मग बाळाचं टोपडं खाली पडलं.

लुंबिनी ते उचलायला वाकली नाही. पाठ ताठ ठेवून, एक हात मांडीवर रोवून, ती गुडघ्यांत दुमडत दुमडत सरळ खाली गेली. टोपडं उचललं आणि मांडीवर हातांनी पायऱ्या चढल्यासारखी वर आली. मांडवातल्या दीडशे लोकांना त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरला दिसतं. जमिनीवर नाणं टाकून ते उचलायला लावतात आणि पेशंट असा उचलतो का ते बघतात. परीक्षेत हमखास विचारतात. असा उचलणारा माणूस मणका हलवत नाही, कारण मणका आतून किडतोय.

सत्काराचं उत्तर म्हणून दोन शब्द बोलायचे होते. काय बोललो आठवत नाही. जेवणाची पंगत बसल्यावर मी शामरावांच्या घरी गेलो. लुंबिनी बाळाला झोपवायला वर आली होती, रमाबाई स्वयंपाकघरात खीर ढवळत होत्या.

“लुंबिनी, कुठं दुखतं? बोट ठेवून दाखव.”

तिनं एकदा सासूकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि हात मागे नेऊन बोट ठेवलं. सुईची जागा असते कमरेच्या पट्ट्याशी. तिचं बोट त्याच्या चार बोटं वर होतं. मी तिथं हात ठेवला. ब्लाउजच्या कापडाखाली एक मणका बाहेर आलेला लागला, बोराएवढा. हलकंच दाबलं तर ती किंचाळली आणि बाळ जागं झालं.

“हे कधीपासून?”

“ऑगस्टपासून असेल. रात्री झोप येत नाही. आणि परवापासून पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून कधी गळते कळत नाही.”

“सांगितलं का नाहीस?”

ती बाळाला थोपटत राहिली. उत्तर रमाबाईंनी दिलं, खिरीचा चमचा तसाच हातात धरून. “मी म्हणत होते, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. ही ऐकेल तर! म्हणे, दुसऱ्याकडे गेलं की पहिला प्रश्न सुईचा निघेल, आणि सुई म्हटलं की आपल्या डॉक्टरचं नाव निघेल.”

“मी मोजले होते भाऊ,” लुंबिनी हळूच म्हणाली. “पाच. पण बाबांनी कागद वाचून एक म्हटलं, तर म्हटलं एकच असू दे. लोकांना काय, निमित्तच पाहिजे असतं.”

माझं नाव राखायला तिनं बादली उचलली होती. न उचललेली बादली! आणि मी तिच्यापासून तोंड लपवायला गाडीच्या खिडकीतून गोळ्या देत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तशा अवस्थेतही मनाचा एक कोपरा विचारत होता, हे आता किती लोकांना कळणार? तो कोपरा मी लपवून ठेवणार नाही, कारण माणूस एवढा नीच असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे काढला. दोन मणके उंदरानं कुरतडल्यासारखे, मधली फट गेलेली. दुपारी दिल्लीतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांसमोर आम्ही उभे होतो. लुंबिनी स्ट्रेचरवर, डोक्याशी शामराव, पायाशी मी. अमोल मानेसरहून निघाला होता, अजून पोचायचा होता. डॉक्टर वयस्क, मितभाषी होते. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला, मग तिच्या तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली आणि अंगठा कसा हलतो ते पाहिलं.

“टीबी है. रीढ़ की हड्डी का,” ते म्हणाले. “दवाई साल-डेढ़ साल चलेगी. अभी बिल्कुल लेटे रहना है. पैरों की ताक़त वापस आई तो ठीक, नहीं तो ऑपरेशन. दो महीने पहले आते तो पैरों तक बात ही नहीं आती. दर्द कब से है?”

“तीन-चार महीने से,” शामराव म्हणाले.

“तो इलाज कौन कर रहा था?”

शामरावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “कोई नहीं साहब. हमारी ही लापरवाही. घर में ही सेंकते रहे.”

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आप रिश्तेदार हैं?”

“जी,” मी म्हणालो.

खोटं बोलायला मला एवढंसंच लागतं, एक अक्षर.

“डॉक्टरसाब,” लुंबिनीनं स्ट्रेचरवरूनच विचारलं, “बच्ची के टाइम कमर में सुई लगी थी. उससे तो नहीं हुआ ना?”

“नहीं नहीं. सुई का इससे कोई लेना-देना नहीं. ये कीटाणु की बीमारी है, सुई लगती न लगती, होनी थी.”

आणि ती बाई हसली. जिच्या पायाचा अंगठा नीट हलत नव्हता, जिला आता कित्येक महिने पाठीवर पडून राहायचं होतं, जी पाच महिन्यांची पोर घरी बाटलीच्या दुधावर टाकून आली होती, ती तोंडभरून हसली.

“भाऊ, ऐकलंत? तुमच्या सुईचं नाहीच! मी म्हणत होते ना बाबा?”

शामरावांनी डोळे पुसले. “माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं,” ते म्हणाले.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट. मलाही हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. सुटलो, असा शब्दसुद्धा मनात आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकलेलीच राहणार होती. सुई निर्दोष ठरली होती, कागद तसाच राहणार होता आणि वस्तीत पुढच्या रविवारी शामराव हेही छाती पुढे काढून सांगणार होते. मग डॉक्टरांनी पुन्हा एकदा किल्ली तळव्यावर ओढली आणि लुंबिनी म्हणाली, “डावीकडं काहीच लागलं नाही हो.”

“सर,” मी म्हणालो. “इलाज मैं कर रहा था. मैं एनेस्थेटिस्ट हूँ. सुई मैंने लगाई थी, पाँच बार में. मुझे लगा दर्द उसी का है. पेनकिलर देता रहा.”

डॉक्टरांनी पेन उघडलं.

“एग्ज़ामिन किया था?”

“नहीं.”

“एक बार भी?”

“नहीं सर.”

त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं, पेन बंद केलं आणि वॉर्डबॉयला म्हणाले, वॉर्डात घ्या. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

लुंबिनीला वॉर्डात नेलं तेव्हा शामराव बाहेर व्हरांड्यातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, “काका, कागदावर मी खोटं लिहिलं. पाच वेळा टोचलं होतं.”

“सुईचं राहू दे,” ते म्हणाले. “पाच टोचले की पन्नास, ते मला कळत नाही, आणि लुंबिनीनंही तुला माफ केलंय. मला दुसरं सांग.”

समोरच्या हिरवळीवर पेशंटांचे नातेवाईक चादरी अंथरून डबे खात बसले होते.

“आमच्या गावी एक वैद्य होता,” ते म्हणाले. “दारव्ह्याच्या बाजूला. चांगला होता, औषध फुकट द्यायचा. पण आम्ही खाली अंगणात उभं राहायचं आणि तो ओट्यावर बसायचा. वरून विचारायचा, काय होतंय गं? आई म्हणायची, पोटात दुखतं. तो पुडी बांधायचा आणि वरून तिच्या पदरात टाकायचा. दोन वर्षं पुड्या टाकल्या. नाडी कधी धरली नाही, पोटाला हात कधी लावला नाही. आई गेली तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. त्यांच्या हाताला गाठ लागली. एवढी मोठी गाठ. कुणीही हात लावला असता तर कळलं असतं.”

मला बसावंसं वाटत होतं आणि त्यांच्या शेजारी बसायची हिंमत नव्हती.

“मी तुला आपला डॉक्टर म्हणायचो ते काही तुझ्या डिग्रीसाठी नाही रे. डिग्रीवाले दिल्लीत ढिगानं आहेत. आम्हाला वाटायचं, आता आपला एक झालाय, हा हात लावून बघेल.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “त्या वैद्यानं का हात लावला नाही ते आम्हाला ठाऊक होतं. तू गाडीच्या खिडकीतून पाकिटं टाकत राहिलास. तू का लावला नाहीस?”

मी भ्यालो होतो, असं म्हणता आलं असतं. माझं नाव जाण्याला, नरसिंहांच्या हसण्याला, स्वतःच्याच पाच टोच्यांना. ते सगळं खरंच होतं आणि त्यातलं एकही त्यांच्या आईच्या गाठीपुढे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

वॉर्डाच्या दारातून सिस्टरनं हाक मारली. पेशंटला कुशीवर वळवायचं होतं, मणका न हलवता, त्यासाठी माणसं हवी होती. शामराव उठले आणि माझी वाट न बघता आत गेले. मी मागून गेलो. त्यांनी खांदे धरले, सिस्टरनं पाय धरले. मी पलंगापासून दोन हात लांब उभा होतो, मला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि आपण होऊन पुढे व्हायचा धीर होत नव्हता.

“बाबा, थांबा जरा,” लुंबिनी म्हणाली. तिनं मान वळवून मला शोधलं. “भाऊ, असे लांब काय उभे? पाठीला तुम्ही धरा ना.”